टेकडीवरचं झिंगवणारं गवत

शेतकी कॉलेज, पुणे
१२ नोव्हेंबर १९५६

माझ्या माय बुधीबाईला सिंगाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

माझा खोकला गेला. तू रात्री दाराला कडी घालतेस ना?

शेळ्या झिंगून पडल्या म्हणून गाव तुला डाकीण म्हणतं. तू पाठवलेलं टेकडीवरचं गवत मी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. हिरव्यागार काडीच्या आत बुरशीचे धागे आहेत. गवत तिला पोसतं, ती गवताला राखते. चरणाऱ्या जनावराला झिंग आणते, म्हणून तर त्या उतारावर गवत टिकलंय आणि गवतामुळे माती. करणी कसली डोंबलाची!

घर सोडू नकोस.

पत्र वाचणारे गुरुजी, हे मायला एकटीला वाचून दाखवू नका. चावडीवर सगळ्यांसमोर वाचा. आणि तिचं नाव आलं की आवाज चढवा.

बुधीबाईचा,
सिंगा