वत्तन, टाक

वुडलँड्स, सिंगापूर
२८ एप्रिल २०२४

चि. एकता हिस,
आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इथे बरे आहोत. तूही बरी असशील, कारण नसतीस तर तुझ्या आईच्या तोंडावरून मला आधी कळलं असतं. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर मला कोणी बोलू देत नाही. मी हॅलो म्हणते तोवर तुझा बाबा फोन ओढून घेतो आणि तुमचं दोघांचं इंग्रजीतलं भांडण सुरू होतं. मला एवढंच समजतं की भांडण आहे. कागदावर कोणी मध्ये येत नाही. लिहून झालं की तुझी आई भावना फोटो काढून तुला पाठवेल. न वाचता पाठव म्हटलंय. ती वाचणार. (भावना, वाचून झालं असेल तर कुकर बघ.)

माझी शाळा दुसरीपर्यंत. वेलांट्या चुकतील तर लाल पेन घेऊन बसू नकोस.

तुला तिकडे कायमची नोकरी लागली ह्याचा आनंद इतका झाला की आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बसणाऱ्या चिनी म्हाताऱ्यांना मी चिक्की वाटली. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण खाल्ली. एकाचा दात हलला, त्यानं राग नाही धरला.

आता कामाचं. तू घर घेणार ते शहराच्या पार कडेला, मेट्रो संपते तिथे, म्हणून सुगत पेटलाय. त्यानं त्या भागाचे व्हिडिओ बघितले. वरून इथे शहराच्या मध्यावर, बिशानला राहणाऱ्या प्रमोदकाकांनी सांगितलं की तिकडे चांगली माणसं राहत नाहीत. ते बँकेत आहेत, त्यांना सगळ्या जगाचं माहीत असतं. सुगत म्हणतो, तिथे घर घेतलंस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, त्यापेक्षा परत ये. शेवटी भावनानं तोडगा काढला की आईंना पाठवू, त्या बघून काय ते सांगतील आणि बापलेकीनं ते ऐकायचं. सुगत लगेच हो म्हणाला. त्याला वाटतं मी थंडीला भिऊन तुला काखोटीला मारून आणीन.

तर मी जूनमध्ये येते. सोबत हुलग्याचं पीठ आणते. तिथे मिळत असलं तरी आणते.

तू माझी आहेस आणि मी तुझी, बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझी आजी, बेबी

*

ह्युल्स्टा, स्टॉकहोम
४ मे २०२४

ती. आजीस,
सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी मेट्रोत वाचलं आणि दातावर इतकी हसले की बाजूचा माणूस उठून दुसरीकडे बसला. इथे कोणी मोठ्यानं हसत नाही. मी हातानं लिहिते आहे, कारण टाइप केलं तर तू म्हणशील मशीननं लिहिलं. माझ्या वेलांट्या तुझ्यापेक्षा वाईट आहेत, तेव्हा दोघींनी गप्प बसायचं.

घराचं नीट सांगते. इथे भाड्याच्या घरासाठी रांग असते, वर्षानुवर्षं. इथे शिकायला आले तेव्हापासून मी रांगेत आहे. आता नंबर लागला. जूनअखेर हो की नाही सांगायचं. नाही म्हटलं तर माझी आत्ताची ह्याच वस्तीतली विद्यार्थ्यांची खोलीही सुटते, म्हणजे परतच यावं लागेल. माझं ऑफिस समोरच्या माळापलीकडे आहे, मी सायकलनं जाते. माळावर गायी चरतात. बाबांना गायींचं सांग. ते म्हणतील, त्यापण गँगच्या असतील.

तुला खोटं सांगणार नाही. हिवाळ्यात इथल्या बाजारातल्या एका दुकानाची काच फुटली, पोलीस आले. काही दिवस मी अंधार पडल्यावर बाहेर गेले नाही. मग जायला लागले.

तू नाही म्हणालीस तर मी खरंच परत येईन, आजी. पण आधी येऊन बघ, लाह. (सिंगापूरचं लाह अजून तोंडातून सुटत नाही.) आणि इथे बापाच्या आईला काय म्हणतात माहीत आहे? फारमोर.

माझ्यावर माया आहेच, ती थोडी बाबांकडेही वळव.

तुझी एकता

*

ह्युल्स्टा
३ जून २०२४

चि. सुगत व चि. सौ. भावना यांस,
आईचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

मी पोचले. विमानतळावर मला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. पाय चांगले आहेत हे मी कोणाला सांगितलं नाही.

सुगत, तू म्हणालास डोळे उघडे ठेव. ते इथे आपोआप उघडे राहतात, कारण जेवून भांडी घासून झाली तरी ऊन असतं. मेट्रो खडक पोखरून केली आहे. लेण्यात उतरल्यासारखं वाटतं, आणि त्या लेण्याला सरकता जिना. अलीकडच्या स्टेशनात भिंतीवर पानं नि प्राणी रंगवलेत. तिकडे पोरं भिंती रंगवतात म्हणून तू मला भिववलं होतंस, ती रंगवारंगवी ही असेल तर मला चालते.

घरं म्हणशील तर आपल्या ब्लॉकसारखीच, लांबच लांब, पण बुटकी. खाली व्हॉइड डेक नाही, म्हणून म्हातारे बाकावर बसतात. कपडे आपल्यासारखे खिडकीबाहेर बांबूवर घालत नाहीत. बाजारात मेथी आहे, भेंडी आहे, ओली मिरची आहे. वाणी बांगलादेशचा. त्याच्याशी मी हिंदीत बोलले. तो म्हणाला, अम्मा, तुमचं बंगाली फार वेगळं आहे.

गल्ल्यावरच्या पोरीशी मात्र घोटाळा झाला. मी एक जुडी ठेवली, ती म्हणाली टाक. मी दुसरी टाकली. ती परत हसून टाक. मी आपली टाकत गेले. मागून एकता आली तेव्हा मेथीचा ढीग झाला होता. इथे टाक म्हणजे आभार. आता चार दिवस मेथीच खायची आहे.

स्टेशनाबाहेर टोप्या ओढलेली पोरं उभी असतात, तेही सांगते. पोलिसांची गाडीही फिरून जाते. मी पोरांकडे बघितलं, त्यांनी माझ्या साडीखालच्या तुझ्या बुटांकडे बघितलं. एकानं शीळ घातली. साडीला होती की बुटांना ते कळलं नाही.

एकतानं मला शहरही दाखवलं. राजवाडा, बोटी, सगळं धुऊन ठेवल्यासारखं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

निकाल अजून देत नाही. एक परीक्षा घ्यायची राहिली आहे. कोणाच्या तरी दारात पाणी मागून बघते.

तुमची आठवण येते, पण झोप लागण्याइतकीच.

तुमची आई

*

वुडलँड्स, सिंगापूर
५ जून २०२४

तीर्थरूप आईस,
सुगतचा सा. जयभीम. वि. वि.

पत्र आधी भावनानं वाचलं, मग मला दिलं. मध्ये बराच वेळ ती एकटीच हसत होती. तुझी तब्येत चांगली आहे हे अक्षरावरून दिसतं. बी.पी.ची गोळी मेथीवर सोडू नकोस.

आई, पाणी मागत फिरू नकोस. वुडलँड्सला राहायला आलो त्या दिवशी तू समोरच्या मलय मावशींचं दार वाजवून पाणी मागितलंस, तेव्हा आपल्या घरात नळ वाहत होता. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

आता जे एकताला सांगता येत नाही ते तुला लिहितो. इंग्रजीत ते तिला कळत नाही आणि मराठीत माझ्यानं बोलवत नाही. आपलं घर गावाच्या बाहेर होतं. शाळेत मास्तर पत्ता विचारायचे तेव्हा मी जमिनीकडे बघायचो. दादांनी स्वतः झिजून लेकाला तिथून बाहेर काढलं, म्हणून मी इंजिनियर झालो, इथवर आलो. आणि माझी मुलगी एवढी पीएच.डी. करून आपल्या पायांनी परत शहराबाहेरच्या वस्तीत जाते. त्या व्हिडिओत शहरातला एक माणूस त्या वस्तीचं नाव घेत होता. भाषा कळत नव्हती, पण नाव घेताना आवाज कसा बदलतो तो मला ओळखू आला. आपल्या वस्तीचं नाव लोक तसंच घ्यायचे.

मला चोरांची भीती नाही, आई. त्या आवाजाची आहे.

तुझ्यासमोर हे कधी बोललो नाही. कागदावर आहे, सांभाळून घे.

तुझा सुगत

*

ह्युल्स्टा
१० जून २०२४

चि. सुगत यास,
आईचा जयभीम, आणि ह्या वेळी आशीर्वाद जास्त. वि. वि.

तुझं पत्र एकताकडून वाचून घेतलं नाही. माझी मीच वाचलं, सावकाश. बरं झालं खरं लिहिलंस, नाहीतर मी इथे चोर शोधत बसले असते.

घरात नळ वाहत होता हे मलाही दिसत होतं. पाण्यासाठी पाणी कोण मागतं? ते मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्या म्हणायच्या, नव्या जागी भिंती बघू नयेत, पाणी मागावं. भांडं हातात देतात की लांबून ओंजळीत ओततात ते बघावं. त्यांना जन्मभर वरून ओतलेलंच मिळालं, म्हणून ही परीक्षा त्यांच्यावाचून कोणाला सुचायची? वुडलँड्सच्या मावशीकडे मी पाणी मागितलं तर तिनं गुलाबी सरबत दिलं आणि स्वतः शेजारी बसली. मगच मी घरात चूल, म्हणजे तुझा तो गॅस, पेटवला. तू लपायला जागा शोधत होतास म्हणून तुला दिसलं नाही.

आधी शहरात गेले, प्रमोदभाऊंनी सुचवलेल्या भागात. तिथे दाराला आकडे असतात, ते दाबल्याशिवाय दारापर्यंतच जाता येत नाही. एक बाई बाहेर आली, तिनं प्रेमानं हॉटेल दाखवलं. तिला मी नापास करत नाही. तिथे परीक्षाच झाली नाही.

मग इथे, एकता घर घेणार त्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिथे एकतालाही कोणी ओळखत नाही. पाणी कसं मागायचं ते एकतानं पढवलं. पाण्याला इथे वत्तन म्हणतात. आणि पुढे लावायचं ते आपलं टाक. झालं वत्तन, टाक. मी जिन्यातच बसले. एकता घाबरली, तिला वाटलं चक्कर आली.

सुगत, तुझ्या आज्यानं वतन टाकलं होतं. तुला नुसतं ऐकून माहीत, मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. वतन कसलं, गावाची फुकटची राबणूक. मेलेली गुरं ओढायची, सांगावे घेऊन पळायचं. त्यांनी आणि भावकीनं चावडीवर जाऊन सांगितलं की आजपासून हे टाकलं. गावानं त्याच दिवशी पाण्याची वाट बंद केली. आणि ह्या परमुलखात, शहराबाहेरच्या वस्तीत, मी परक्या दारात उभी राहून म्हटलं, वत्तन, टाक.

पाणी आलं. पेला हातात आला, काचेचा, त्यांच्या पिण्यातला. देणारी सोमालियाची, नाव होदान, माझ्याच वयाची. तिनं मला खुर्चीत बसवलं आणि समोर सामोशासारखं काहीतरी ताटलीत ठेवलं.

ताटली रिकामी कशी परत करायची? दुसऱ्या दिवशी शेंगोळी करून पातेलं घेऊन गेले. दोन पळ्या वाढल्या तर ती म्हणाली, नेय टाक. मला वाटलं, ने, टाक, म्हणजे आत ने आणि भांड्यात टाक. मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन अख्खं पातेलं तिच्या भांड्यात ओतलं. ती मागून नेय टाक, नेय टाक करतेय आणि मी खरवडतेय. नेय टाक म्हणजे नको, आभार, हे एकतानं मग सांगितलं. होदानला आपला टाक समजावला तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली. आता आमच्या दोघींत टाक म्हणजे टाकच.

तुझ्या त्या आवाजाचं लिहिते. वुडलँड्सला घर घेतलंस तेव्हा प्रमोदभाऊ उलू म्हणाले होते. मला वाटलं माझ्या लेकाला उल्लू म्हणाले. मी पदर खोचून निघाले होते. मग कळलं, उलू म्हणजे सिंगापूरच्या बोलीत आडबाजूचं. तू त्यांना काय म्हणालास आठवतं? माझ्या खिडकीतून पलीकडचं मलेशियातलं जोहोर दिसतं, बिशानमधून काय दिसतं? तेव्हा तुझी मान खाली नव्हती. आपल्याला गावाबाहेर दुसऱ्यांनी ठेवलं होतं. वुडलँड्स तू निवडलंस, हे एकतानं निवडलं. दोन्ही एकच कसं होईल?

निकाल असा की पोरीनं घर घ्यावं. आणि तू बोलल्याप्रमाणे ऐकावंस.

तुला जवळ घ्यावंसं वाटतंय, पण मध्ये बराच समुद्र आहे.

तुझी आई

*

वुडलँड्स, सिंगापूर
२४ जून २०२४

चि. एकता हिस,
आजीचा जयभीम आणि नव्या घरासाठी वेगळा आशीर्वाद. वि. वि.

घराच्या कागदावर सही केलीस हे वाचून मी परत चिक्की वाटली. ह्या वेळी मऊ केली होती.

मी परत आल्यावर सुगत माझ्याशी दोन दिवस फक्त औषधांबद्दल बोलला. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना दारात थांबून म्हणाला, डिसेंबरची तिकिटं बघतो, तिकडे फार थंडी असेल का. मी म्हटलं असेल, आणि भाजीकडे वळले. वळून बघितलं असतं तर त्याला अवघड गेलं असतं. प्रमोदकाका जेवायला आले होते, त्यांनी तुझ्या वस्तीचं नाव घेतलं. सुगतनं त्यांना मान वर करून सांगितलं की माझी मुलगी तिथे राहते. काकांनी मग कोशिंबिरीची चौकशी केली.

तुला कानात सांगते, तो आल्यावर आधी तुझ्या दारात येणार नाही. वर होदानकडे जाणार आहे, एकटाच, पाणी मागायला. काल आंघोळीला गेला तर आतून आवाज, वत्तन टाक, वत्तन टाक. भावनाला वाटलं मंत्र आहे.

रात्री जेवताना मला विचारत होता, त्या बाईंनी जास्तच वाढलं तर नको कसं म्हणायचं. मी सांगितलं, नेय टाक म्हण, मोठ्यानं म्हण.

होदानला सांगून ठेव, पातेलं मोठं घे.

माया आहे तशीच आहे, थोडी वर आली आहे.

तुझी फारमोर