यादीतली रेघ

४ जाने.
गुरुजींच्या टाकाची कर्र अजून कानात आहे. कुणी शाळा सोडली की हजेरीपटावर पट्टी ठेवून नावावरून आडवी रेघ ओढायचे. वर्ग चिडीचूप.
रविवारी आमच्या वर्गाचा मेळावा. हजेरी मी घेणार. कॉम्प्युटरच्या शीटवर बाकांच्या क्रमाने नावं लिहिली. दिवाळीत गेलेल्या दत्ता मानेच्या नावावर माउसने तशीच रेघ ओढली. तिसऱ्या खेपेला सरळ आली.

५ जाने.
नावं अकारविल्हे लावली, यादी ग्रुपवर टाकली. सकाळपासून जोडलेले हात येताहेत. दत्तासाठी असतील, म्हणून मीही एक पाठवला.
दुपारी शकू पाटीलचा फोन. "मल्लू गेला व्हय रे? कधी?"
बघून सांगतो म्हणून फोन ठेवला. पाहतो तो दत्ता कोरा करकरीत, रेघ मल्लूवर!
हाच तो मल्लू. पाचवीत दिपोटी शाळा तपासायला आले, मी कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला हा मागून शेळीसारखा ओरडला. दिपोटीसुद्धा हसले. मॅट्रिकपर्यंत मी 'बेंऽ कवी'.

६ जाने.
रेघ जात नाही. डिलीट दाबलं तर मल्लूचं नाव गेलं, रेघ जागेवरच. ओळ काढली तर खालची शकू पाटील वर सरकून रेघेखाली आली. घाबरून सगळं पूर्ववत केलं.
सूनबाई चिंचोळीला कामावर निघताना हसली. "मामा, नावं हलली, रेघ नाही. ती वर नुसती तरंगतेय. नाव सोडा, रेघेला पकडा."
पकडली. दोन्ही टोकांना बारीक गोल उमटले. डिलीटवर बोट ठेवलं.
नाही दाबलं.
मल्लू केमला मुलाकडे असतो, डोळे गेलेत म्हणे. कोण सांगतंय त्याला. रविवारपर्यंत राहू दे.

८ जाने.
मल्लूच्या वाट्याला एकूण अकरा जोडलेले हात, त्यांतला एक माझा. शब्द एकाचाही नाही. खाली बाबूरावाची चौकशी, "जेवणात शेंगाचटणी हाय का?"
वाचून बरं वाटलं. लिहून ठेवतो, नाकारता येऊ नये म्हणून.

९ जाने., सकाळ
जिन्यात शेळी ओरडली. पाचवीतलीच.
दार उघडलं. नातीच्या खांद्यावर हात ठेवून मल्लू उभा. पहिल्या गाडीने आला.
"मेलोय म्हनं मी! काल केमच्या ठेसनावर लोक हिला इचारत्यात, आजोबा कधी गेले? लई हासलो. मग म्हनलं, मागनं काय लिवलंय ते तरी ऐकावं की. ही पोरगी वाचंना. नुसते हात हायत म्हनती. खोटं बोलती. तू कवी हाईस, तू वाच."
खाटेवर बसलाय. पाणी प्यायला. तोंड माझ्याकडे, पण जरा बाजूला, खिडकीकडे. नात मात्र माझ्याकडेच बघतेय.
चष्मा आणतो, असं सांगून आत आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.