एडेकचा कोपरा

१२ ऑक्टोबर २००९

झेनॉननं मला विचारलंसुद्धा नाही. सरपंच झाला म्हणून तळ्याचा मालक झाला काय? काठावर गावाचा मोठा फलक लावणार आहेत — वर नकाशा, खाली इतिहास. त्यात एडेकच्या कोपऱ्याचं नाव चक्क 'शांत कोपरा'. सुट्टीला येणाऱ्यांना गोड वाटावं म्हणून! माझा भाऊ बुडाला तिथं. त्रेसष्ट वर्षं होत आली, सगळं गाव त्याच्याच नावानं ओळखतं ती जागा.

१३ ऑक्टोबर

पाऊस. गुडघे.

१५ ऑक्टोबर

झेनॉन आला, सोबत किंगा. फलकाचा मजकूर माझी ही नातच लिहितेय. वाचून दाखवलं — "गाव १९४६ साली वसले." मी म्हटलं, "आणि आधी इथं काय बदकं राहत होती?" आम्ही पार पूर्वेकडच्या वोलिनहून आगगाडीच्या गुरांच्या डब्यातून येऊन उतरलो तेव्हा घरं उभी होती. युद्ध हरून जर्मन लोक गेलेले, माळ्यावर त्यांचे कांदे टांगलेले.

झेनॉन म्हणतो, "काकू, फलक लहान आहे."

"मग तुझं नाव काढ, जागा होईल."

शेवटी एडेकचं नाव घालायला कबूल झाला. कॉफी मात्र दोन कप प्यायला.

१६ ऑक्टोबर

किंगा वही घेऊन बसली. आजी, सांग म्हणे.

चर्च तळ्यापलीकडे. उन्हाळ्यात काठाकाठानं सात किलोमीटर, हिवाळ्यात बर्फावरून दोन. घसरगाडीत मी आणि एडेक गोणपाटाखाली. घोड्याच्या टापा खालून पोकळ वाजायच्या. वोलिनला आमची नुसती शेतं, आईला पाणी ठाऊक ते विहिरीतलं. ती डोळे मिटून जपमाळ ओढायची. एडेक मुद्दाम ओरडायचा, "आई, तडकलं!" मार खायचा, वर हसायचा.

गोटलिब म्हातारा इथल्या जुन्या जर्मनांपैकी एकटा मागे राहिलेला. कोळी. धुरावलेले मासे कागदात बांधून द्यायचा. अजून तो वास नाकात आहे.

"त्या कोपऱ्यात बर्फ कसा फुटला?" किंगा.

"खाली झरे आहेत. तिथं तो जाड होतच नाही."

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"ते काम गोटलिबचं. त्यानं खुणाच केल्या नाहीत."

सगळं गाव हेच म्हणतं. तेव्हा लोकांनी त्याच्या खिडक्या फोडल्या. बर्फ वितळला तसा तो एक पेटी घेऊन गेला. किंगानं सगळं लिहून घेतलं.

१८ ऑक्टोबर

खुणा केल्या नाहीत, हे आता फलकावर जाणार. गोटलिबच्या नावानिशी.

१९ ऑक्टोबर

खुणा होत्या. झऱ्यांभोवती बर्फात त्यानं फरच्या हिरव्या फांद्या रोवल्या होत्या. आम्ही शेतातले, त्या धोक्याच्या खुणा हे आम्हाला काय कळतंय. नाताळ तोंडावर. मी आठ वर्षांची. सजावटीला म्हणून सगळ्या उपटून घरी आणल्या. आई म्हणाली, गुणाची गं माझी पोर. तिसऱ्या दिवशी एडेक गेला. मी तोंड उघडलं नाही.

किंगाला सांगितलंय — गोटलिबचा कोपरा लिही. झेनॉन का म्हणून विचारेल. त्याला माझ्याकडे पाठवायचं. बाकी कोणी बोलायचं नाही. उत्तर मी देणार.