अकरा फोन

३ मार्च, मंगळवार
रविवारी पेशंटांच्या घरच्यांची सभा. माझ्या भाषणाची सुरुवात ठरली — "घरचं माणूस मोबाइलच्या हवाली केलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! आपल्या माणसांनी पडद्यावर खरं सांगितलं, आणि ते कुणी वाचलंच नाही!" टाळ्या नकोत मला. मोबाइलवरची ती चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईची मान खाली गेलेली हवी, सगळ्यांसमक्ष!
शिव्यांचे फोन येतील. खुशाल करा! गेल्या भाषणानंतर शिव्या आल्या, तेव्हापासून अनोळखी नंबर बंदच करून टाकलेत; माझ्याकडे वाजतच नाहीत.

४ मार्च
धाकटा भाऊ वॉर्डात आहे. काल डोळे उघडले. सोमवारी त्याच्या शेजारणीने दार उघडवलं म्हणून वाचला. त्या डॉक्टरीणबाईच्या चाचणीमुळे नव्हे! जीव द्यावासा वाटणाऱ्यांना मोबाइलवरून सावरता येतं का, ते तपासतायत म्हणे. पाच महिने रोज सकाळी फोन त्याला विचारायचा, "आज जगणं नकोसं वाटतंय का?" रविवारी त्याने "हो" लिहिलं. सोमवारीही "हो".
"ताई, भाषण नको गं. त्या फोनच्या आधारावर पाच महिने काढलेत मी."
भोळा सांब! मी नाही सोडणार.

५ मार्च
त्यांच्या ऑफिसात जाऊन आले. टेबलाशी नर्स, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
"दोनदा 'हो' आलं तर काय करता?"
"पेशंटला फोन करतो. नाही उचलला, तर त्याने दिलेल्या घरच्या नंबरवर. बाई, त्या दिवशी आम्ही—"
"रविवारी बोला, माईकवर!"
तोंड उघडू दिलं नाही तिला. जिना उतरताना अंगात दहा हत्तींचं बळ!

६ मार्च
भाषण तोंडपाठ. एकेक वाक्य चाबकासारखं.

७ मार्च
शेजारणीचे आभार मानायला गेले. ती म्हणाली, "अहो, मला कुठलं कळायला! एक बाई धापा टाकत आली. चष्म्याला पट्टी चिकटवलेली. म्हणाली, याच्या बहिणीला सकाळपासून फोन करतेय, लागतच नाही. दोघींनी मिळून दार उघडवलं."
तिथेच, जिन्यात, फोन काढला. न वाजलेल्या फोनांची यादी पाहिली. सोमवार. एकच नंबर. अकरा वेळा.

८ मार्च, रविवार
सभेत आधी नर्सची माफी मागितली. मग एवढंच बोलले — "फोन काढा. अनोळखी नंबर बंद केले असतील, तर ते आत्ता, माझ्यासमोर, सुरू करा."