कोऱ्या पाकिटातलं बियाणं

२५ मे, रविवार. पिंप्राळा.

नाना संध्याकाळी निकाल विचारायला आले. वडिलांचे चुलतभाऊ, नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्यांचा शब्द चालतो. मी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी हक्काने कापसाच्या बियाण्याचं पाकीट देऊन गेले होते. पाकीट कोरं. कंपनी नाही, लॉट नंबर नाही. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं.

घरीच ओल्या कागदात बिया लावल्या. पानं आल्यावर चाचणीची पट्टी लावली. तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं बियाणं. लोक ज्याला चोर बीटी म्हणतात, ते. आपल्याकडे गुजरातमधून चोरून येतं.

"उगस का नही, तेवढंच सांग पोरी. मागना साल अर्धं उगनंच नही."

"उगवतं. पण हे बेकायदा आहे, नाना. गुजरातमधून आणतं कोण?"

"नाव कोणले माहीत? फोन येस, गाडी येस." मग हसले. "आते गावमा सांगस, आमनी पोरनी तपासेल शे!"

चहा पिऊन गेले. 'पण' नंतरचं त्यांनी ऐकलंच नाही. की मी 'उगवतं' आधी म्हणायलाच नको होतं? त्या कोऱ्या पाकिटावर आता माझं नाव छापल्यासारखं झालं. हे बियाणं पुरवणाऱ्या टोळीचं काम असंच चालत असणार. सीमेपलीकडचा माणूस दिसत नाही, दिसतात ते गावात पाकिटं वाटणारे आपले नाना. गुन्हाही आधी त्यांच्यावरच दाखल होईल.

उद्या कृषी अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज लिहून ठेवला. बियाणं कोणी आणलं, तिथे नानांचं नाव लिहिलं. उगवण कोणी तपासली, तिथे माझं.