रुमालाखालचा ऑप्शन फॉर्म

२ जुलै, बुधवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. डायरी खताच्या दुकानाची आहे. दर पानाखाली युरियाची माहिती, पण वरची जागा कोरी.

कारण: नात राजनंदिनी हिची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन. सीईटीला ९३.६ पर्सेंटाईल. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे काल कळलं. म्हणजे माहीत होतंच, खात्री काल झाली.

तिला हवंय ते एकच. इथलं सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर. मुकुंदवाडीतून सिटी बसनं जाऊन येऊन शिकता येईल. गेल्या वर्षी आमच्या प्रवर्गात ९१ ला गाडी थांबली होती. म्हणजे काम झाल्यात जमा. तरी वरून एक जाणता हात लागतोच. मुलगा भारत चितेगावच्या कंपनीत, शिफ्टमधून उसंत नाही. सूनबाई शालूला शिवणकाम. उरलो मी. पाचोडच्या बाजारात तीस वर्षं बैलांची दलाली केली. ज्याला बैल कळतो त्याला कॉलेज कळायला किती वेळ लागतो?

बानाबाई (आमची ही) म्हणाली, बैलाला बोलता येत नाही म्हणून तुमचं खपून गेलं. दुर्लक्ष केलं.

संकल्प: रोज एक तास यूट्यूबवर अभ्यास.

५ जुलै, शनिवार.
अभ्यास तीन दिवस बुडाला. डोळ्यांना पाणी येत होतं.

आज केला. एक पोरगं कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, समजावून सांगतं. लई भराभर बोलतं. वेग अर्ध्यावर आणला. आता ते दारू प्यायल्यासारखं बोलतं, पण समजतं. सार असं: ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं आपल्या पसंतीच्या क्रमानं लिहायची. सगळ्यात हवं ते एक नंबरला. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो, जिथं मार्क बसतात तिथं जागा देतो. पुढं पंधरा मिनिटं आणखी काही नियम सांगत होतं. मुख्य मुद्दा कळला होता, म्हणून मी झोपलो.

सगळ्यात हवं ते एक नंबरला! किती भाबडं पोरगं. बाजारात पाय ठेवल्या ठेवल्या हव्या त्या बैलावर बोट ठेवलं की संपलं. समोरचा ओळखतो, ह्याचा जीव कशात आहे. आधी लांबचा, लंगडा, मोडक्या शिंगाचा बैल विचारायचा. त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारायच्या. मग जाता जाता, तंबाखू मळत, हवा तो.
हे यूट्यूबवर कोण सांगणार?

९ जुलै, बुधवार. रात्री.
कॉलेजं पाहून आलो. सोबत कडूबा. तोही बाजारातलाच, बैलाच्या पाठीवरून हात फिरवून वय सांगायचा.

सरकारी कॉलेज समोरून छान आहे. पण माल मागूनही बघायचा असतो, म्हणून मागं गेलो. मागं मेस. कडूबानं भिंतीवर थाप मारून कान लावला. म्हणाला, हाड मजबूत आहे.

लॅबमध्ये शिरलो. तिथल्या माणसाला विचारलं, ही कॉम्प्युटरं किती दाती? तो म्हणाला, काय? कडूबानं समजावलं, म्हंजी वय काय यांचं? तो म्हणाला चार वर्षं. मी एकाच्या अंगाला हात लावला. तापलेलं. घरी नेऊन हवापालट करावा इतकं. तसं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, कॉम्प्युटर गरम होतोच. माल विकणारा असंच बोलतो. तरी आवडलं. आवडल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही. जाताना मोठ्यानं म्हणालो, ठीकठाक आहे, बघू.

घरी राजनंदिनीनं विचारलं, आबा, तुम्ही लॅबमध्ये काय केलं? तिच्या मैत्रिणीच्या भावानं फोनवर फोटो पाठवला होता. कडूबा कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघतोय. म्हणालो, पाहणी. पोरगी दोन्ही हातांनी तोंड झाकून खोलीत गेली. आनंद लपवत असावी.

१४ जुलै, सोमवार.
नोंदणी झाली. मोबाईल नंबर माझा दिला. राजनंदिनी म्हणाली, आबा, माझा देऊ या. म्हणालो, तुझा नंबर दिला की उद्यापासून सगळे क्लासवाले तुला फोन करतील, तू अभ्यास कर. ती म्हणाली, आता कसला अभ्यास, परीक्षा झाली. तेवढ्यात मी माझा नंबर टाकला होता.

२६ जुलै, शनिवार.
ऑप्शन फॉर्म आजपासून तीन दिवस. आणि नेमकी सोयगावहून बातमी, शालूची आई न्हाणीत पडली, कमरेचं हाड. शालू आणि राजनंदिनी सकाळच्या गाडीनं गेल्या. जाताना पोरीनं वहीचं पान हातात दिलं. अकरा कॉलेजं, सुवाच्य अक्षरात. एक नंबरला सरकारी कॉम्प्युटर. म्हणाली, मी तिथूनच भरीन आबा, हे आपलं असू द्या.

दुपारी तिचा फोन. आबा, मी लॉगिन केलंय, तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, सांगा.
मी म्हणालो, नाही सांगणार.
का?
फोनमधली बाई रोज सांगते, ओटीपी कुणालाही सांगू नका. कुणालाही म्हणजे कुणालाही. बाई असं म्हणत नाही की नात सोडून.
पोरगी दहा मिनिटं समजावत होती. मग शालू बोलली, मामंजी, ती परकी आहे का हो? मग पुन्हा पोरगी. आवाज जरा ओला वाटला, रेंजमुळं असेल. शेवटी म्हणाली, बरं, तुम्हीच भरा. पण आबा, पान जसंच्या तसं. एक ओळ इकडची तिकडं करू नका. शप्पथ घ्या.
शप्पथ घेतली नाही. शप्पथेवर माझा विश्वास नाही.

२७ जुलै, रविवार.
फॉर्म उघडला. अकरा कॉलेजांची यादी समोर ठेवून विचार करत बसलो. चांगली यादी आहे, पण कच्च्या गिऱ्हाइकाची. जीव कशात आहे ते पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय.

सुधारली. एक नंबरला चंद्रपूरकडचं एक कॉलेज, मायनिंग. म्हणजे खाणकाम. आमची पोरगी खाणीत उतरणार नाही हे कुणालाही कळेल, कॉम्प्युटरलाही. हा आपला लंगडा बैल. मग दोन नंबरला लांबचं सिव्हिल, मग कुठलं तरी केमिकल. असे आणखी बरेच. आणि चौदा नंबरला, जाता जाता, तंबाखू मळत, सरकारी कॉम्प्युटर. शेवटी तिची उरलेली दहा.

कडूबाला वाचून दाखवलं. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाला, त्रिंबका, बाजार बंद पडला पण तू नाय पडला.

२८ जुलै, सोमवार. दुपारी ३.
फॉर्म कन्फर्म. ओटीपी आला, मी मलाच सांगितला.

राजनंदिनीचा फोन. यादी टाकली का? म्हणालो, टाकली. तशीच टाकली असं म्हणालो नाही. खोटं बोलायची मला सवय नाही.

३१ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ७.
विजय! मेसेज आला. इंग्रजीत, लांबलचक, मी आकडा तेवढा वाचला. प्रेफरन्स नंबर १! पहिल्या झटक्यात पहिली पसंती! वाड्या-वस्त्यांतून पोरं झुरतात पहिल्या पसंतीसाठी. बानाबाईला हाक मारली. पेढे आणायला निघालो.

७.२०
जिन्यात आठवलं, एक नंबरला काय होतं.

७.४०
घाबरायचं काही नाही. सौदा पहिल्या भावावर होत नसतो. समोरच्यानं लंगडा बैल पुढं केलाय. आता आपण म्हणायचं, हा नको, तो बांधलेला दाखव. पुढच्या राउंडला सरकारी कॉम्प्युटर मागू. उलट चांगलंच झालं, त्यांना वाटतंय आपण खाणीवर फिदा आहोत.

पेढे आणले नाहीत. दुकान बंद असावं. गेलो नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
राजनंदिनी सोयगावहून आली. चप्पल काढून थेट माझ्यासमोर उभी. आबा, माझं पान तुमच्याकडं होतं ना? म्हणालो, होतं. मग काय केलं त्याचं? म्हणालो, सुधारलं.

रडली नाही. मी म्हणत होतो की पुढच्या राउंडला. ती म्हणाली, आबा, पहिल्या राउंडला पहिली पसंती लागली की फॉर्म आपोआप फ्रीझ होतो. तेच घ्यायचं, नाहीतर पुढचे सगळे राउंड बंद. हे त्या व्हिडिओत होतं.

बहुधा त्या पंधरा मिनिटांत.

भारत शिफ्टवरून आला, ऐकलं, पुन्हा बाहेर गेला. बानाबाईनं माझं ताट ठेवलं, पण असं ठेवलं की वरण ताटाबाहेर आलं. राजनंदिनी जेवली नाही. तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. तरी मी आत गेलो नाही.

नियमात खोट आहे. माणसाला घासाघीस करायची संधीच नाही. हा बाजार चालवायला अनुभवी माणूस पाहिजे होता.

४ ऑगस्ट, सोमवार.
अ‍ॅडमिशनच्या मदत केंद्रात गेलो. एकटा. तिथं प्रणय नावाचा तरुण बसतो, गळ्यात ओळखपत्र. आजूबाजूला गर्दी. अशा गोष्टी गर्दीत मोठ्यानं बोलायच्या नसतात. खांद्यावरचा रुमाल टेबलावर पसरला, त्याच्याखाली हात सरकवला आणि त्याला खुणावलं. बाजारात तीस वर्षं सगळे सौदे रुमालाखाली झाले. बोटं धरायची, आकडा कळतो, तिसऱ्याला पत्ता लागत नाही.

प्रणयनं जरा घाबरत हात आत घातला. मी त्याची दोन बोटं दाबली. म्हणजे: दुसऱ्या राउंडला घ्या. त्यानं माझं मनगट धरलं, नाडी बघितली आणि ओरडला, अरे पाणी आणा, बाबांना चक्कर येतेय. मला खुर्चीवर बसवलं. एका बाईनं फाईलनं वारा घातला. बीपीची गोळी घेता का, सोबत कोण आहे, घरचा नंबर सांगा. नंबर सांगितला नाही. सवय.

पाणी प्यायल्यावर सरळ तोंडानं विचारलं. त्यानं पोरीच्या अर्जाचा नंबर टाकून बघितलं. मग म्हणाला, बाबा, सरकारी कॉम्प्युटर यांच्या प्रवर्गात ९२.१ ला बंद झालंय. एक नंबरला टाकलं असतं तर लागलं असतं. आता काही होत नाही. फॉर्म कुणी भरला होता?
म्हणालो, घरातल्याच एका माणसानं.
म्हणाला, त्या माणसाला परत हात लावू देऊ नका.
म्हणालो, निरोप देतो.

९२.१. पोरीचे ९३.६. वजाबाकी बसमध्ये दोनदा केली. दोन्ही वेळा तेवढीच आली.

७ ऑगस्ट, गुरुवार.
राजनंदिनीनं स्वतःच शोधून काढलं. शहरातल्या एका साध्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या काही जागा उरल्यात, सोमवारी भरणार. तीन वर्षं ते, मग एमसीए. बानाबाईला सांगत होती, आजी, विषय तोच आहे, इंजिनिअर म्हणणार नाहीत इतकंच. बानाबाई म्हणाली, तुला राजनंदिनी म्हणत्यात, त्यात काय कमी हाय?

मी दारातून म्हणालो, सोमवारची आखणी करू या, मी कडूबाला घेऊन. दोघींनी वळून बघितलं.
पोरगी म्हणाली, आबा, यायचं तर या. कडूबा आजोबा नकोत. आणि बोलायचं नाही.

संकल्प: मौन. मौनाचाही एक दबदबा असतो.

११ ऑगस्ट, सोमवार.
सकाळी सातला रांगेत. अकरा जागा, दीड-दोनशे पोरं. राजनंदिनीनं सगळे कागद स्वतः लावले होते. जातीच्या व्हॅलिडिटीवर एक पिवळी चिठ्ठी, मार्कमेमोवर एक. मी एक शब्द बोललो नाही. खिडकीवरच्या बाईनं मलाच विचारलं, मुलीचं नाव काय? मी पोरीकडं बोट केलं.

एक वाजता यादी लागली. तिचं नाव चौथं. तिनं वर बघून एकदा श्वास घेतला, माझ्या दंडाला धरलं, लगेच सोडलं. मग म्हणाली, आबा, कागद तपासायला आत बोलावलंय, वेळ लागेल, तुम्ही सावलीत बसा. पिशवी, ओढणी, पाण्याची बाटली माझ्याकडं देऊन गेली.

लिंबाखाली बसलो. शेजारी बिडकीनकडचा एक माणूस आला, मुलाची फाईल मांडीवर. पुढच्या वर्षी पोरगा सीईटी देणार. माझं वय, धोतर, हातातली डायरी बघून म्हणाला, दादा, तुम्ही जाणते दिसता. हा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा असतो?

म्हणालो, मला त्यातलं कळत नाही. नात आत गेलीय, आली की तिला विचारा.
तो म्हणाला, मग तुम्ही कशाला आलात?
म्हणालो, पिशवी धरायला.