जावळाचं सूत

मैंदर्गी, १२ जानेवारी २०२५

चि. सोनालीस मामाचे अ. आ.

तुझ्या आजीचा सूत काढायचा रहाट, घोंगड्याचा माग, आडवं सूत फिरवायचा बाभळीचा धोटा, चिंचोक्याची खळ लावायचा कुंचा, हे सगळं मी या दोन हातांनी केलंय. कुणाच्या शाळेत न जाता. धोटा तर तीनदा तासला, केसभर जड वाटला म्हणून.

सोलापूरहून एका संस्थेच्या वैजयंती मॅडम आल्या होत्या, आजीची 'कला वाचवायला'! सोबत लोकर आणलेली, तीही जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. आणि ती शाम्पूनं धुतलेली! अंगचा चिकटाच गेला, तर पीळ धरणार कसा? ओढलं की तुटलं. आजीनं विचारलं, हे न्हाणं मेंढीला घातलं की मॅडमनीच घेतलं. तरी मॅडम म्हणतात, दोन तासांचं शूटिंग पुरे, जग शिकेल. आणि तू फोनवर म्हणतेस, मामा, करू द्या! लई शहाणी की. एवढं शिकायला ऑस्ट्रेलिया गाठलीस?

रागावलो तरी लोभ तेवढाच आहे.

तुझा महिपतीमामा


डार्विन, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

इथल्या एका आदिवासी आजींकडे गेले होते. केवड्यासारख्या झाडाची पाती सोलून निघालेल्या धाग्यांच्या टोपल्या त्या आजी विणतात. मी फोन उभा करून बसले. त्यांनी तो उचलून माझ्या पिशवीत ठेवला आणि मला झाडांकडे नेलं. दिवसभर काटेरी पाती ओढली, सोलली. वीण दिसलीसुद्धा नाही! त्यांची नात म्हणाली, कुठलं पान तोडायचं, कुठलं राखायचं हे कळेपर्यंत आजी विणायला देत नाही. आणि काही गोष्टी घरच्या मुलींपुरत्याच.

शूटिंगचं माझं म्हणणं मागे घेते. मे महिन्यात येतेय. आजी मला सूत काढायला शिकवेल?

खरचटलेल्या हातांनी नमस्कार. माया असू द्यावी.

सोनाली


मैंदर्गी, २ मार्च २०२५

चि. सोनालीस अ. आ.

फोन पिशवीत ठेवायला परकी आजी लागली व्हय! आपल्या आजीनं लोकरीतली कुसळं वेचायला बसवलं, तेव्हा बोटं दुखतात म्हणून पळाली होतीस. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. माणूस बरोब्बर ओळखलं त्यांनी.

आजी म्हणते, ये. पण आधी कुसळंच. ती म्हणेपर्यंत रहाटाला हात लावायचा न्हाय.

मॅडम पुन्हा आल्या, कागद घेऊन. अट काय, तर केराबाईंची, म्हणजे आपल्या आजीची, कताई यापुढं संस्थेची. घरातल्या पोरीलाही त्यांना विचारल्याशिवाय शिकवायची न्हाय! मी आजीला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, मग सोनाली कशाला येतीय.

नखं कापून ये, आणि या म्हाताऱ्या मामावर जीव ठेव.

महिपतीमामा

ता. क. मॅडमना दारातूनच नको म्हणालो. तीन लाख वीस हजार देत होत्या.